पीक लावलंस का?

परवा ऑफिसात एका नव्या सहकाऱ्याचा कोड तपासताना माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "पीक लावलंस का?" तो तेलुगू, मी पुण्याची, आणि आमचं ऑफिस गच्चीबावलीत अठराव्या मजल्यावर. शेतीचा आणि आमचा संबंध डब्यातल्या भेंडीपुरता. तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. मला हसू आलं, आणि लगेच विरलं. कारण ते वाक्य माझं नव्हतंच. ते माणिकरावांचं होतं.

आधी हे पीक काय ते सांगते, म्हणजे माणिकराव सांगता येतील. मेलचे दोन भाग असतात. एक आतला मजकूर आणि दुसरं त्याचं हेडर, म्हणजे पाकिटाची बाहेरची बाजू. कोणाकडून, कोणाला, कधी, विषय काय आणि वाटेत कुठल्या कुठल्या सर्व्हरवर थांबत आलं, ते सगळं तिथे लिहिलेलं असतं. प्रोग्राम लिहून सर्व्हरकडून नुसती हेडरं मागवता येतात. पण त्यात एक खोच आहे. साधी आज्ञा दिली तर सर्व्हर हेडर देतो आणि वर 'हे पत्र वाचलं' अशी खूण करून मोकळा होतो. ज्याचं पत्र, त्याने ते पाहिलेलंसुद्धा नसतं. ती खूण होऊ द्यायची नसेल तर आज्ञेत एक शब्द जास्तीचा घालावा लागतो, पीक. इंग्रजीतलं पीक, म्हणजे नुसतं डोकावणं. माणिकरावांच्या आजोबांची नांदेडकडे शेती होती. "आजा ज्वारी लावायचा, मी बी पीकच लावायलो," असं ते म्हणायचे आणि स्वतःच खुदकन हसायचे. तो विनोद मी दिवसातून दोनदा तरी ऐकला असेल.

मी हैदराबादला आले ती याच माणसाच्या हाताखाली. ऑफिस आबिड्सला, पोस्टाजवळच्या एका गल्लीत, चपलांच्या दुकानाच्या वर. शाळा, वसतिगृहं, छोटे कारखाने अशा लोकांची मेल आमच्या सर्व्हरवर असायची. पहिल्या दिवशी मी वर गेले, तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला, खिशाला दोन पेनं लावलेला, साठीच्या आसपासचा एक माणूस वर्तमानपत्र शेवटच्या पानाकडून वाचत बसला होता. मी मराठी आहे कळल्यावर पेपर खाली ठेवून त्यांनी विचारलं,

"कुठनं आलीस?"

"पुण्याहून."

"मधी कुठं कुठं थांबलीस?"

मला वाटलं, गाडीबद्दल विचारतायत. मी सोलापूर, गुलबर्गा सांगायला लागले. ते ऐकून घेत होते, पण त्यांना ते नको होतं. शाळा कुठली, पहिली नोकरी कुठली, ती का सोडली, असं सगळं त्यांनी तळापासून वरपर्यंत काढून घेतलं आणि शेवटी नाव विचारलं. पुढे कळलं की त्यांचं सगळंच खालून वर चालतं. हेडरमधले शिक्के एकावर एक चढत जातात, सर्वांत ताजा वर आणि पहिला तळाला, त्यामुळे पत्र निघालं कुठून ते बघायचं तर खालून वाचावं लागतं. तीस वर्षं तेच करून माणिकरावांची नजरच तशी झाली होती. लग्नपत्रिका हातात आली की आधी मंगल कार्यालय, मग मुहूर्त, आणि वधूवर सगळ्यांत शेवटी. माझं नाव त्यांनी विचारलं खरं, पण वापरलं कधीच नाही. मी त्यांची 'पुणेवाली'. मी एकदा सर म्हटलं तर दोन्ही हात हलवून म्हणाले, "सर नक्को. माणिकराव म्हण."

स्वतःबद्दल मात्र ते 'आम्ही' म्हणायचे. आम्ही हा सर्व्हर बांधला, आम्ही उन्हाळ्यात त्याला ओल्या पडद्यात ठेवला, आम्हाला मालकांनी दोन खुर्च्या दिल्या. मला त्या आम्हीची गंमत वाटायची. पुण्यात इतकं बिनधास्त स्वतःला आम्ही म्हणवणारी माणसं मी पाहिली होती, आणि त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं. त्यांच्या जुन्या प्रोग्रामांच्या नावात सगळीकडे 'माय' असायचं. माय-हेडर्स, माय-लॉग. हाही मी त्यांचा तोराच समजले.

त्यांचा एक नियम होता. आतला मजकूर वाचायचा नाही. गिऱ्हाइकाने पाया पडून सांगितलं तरी नाही. कारण विचारलं की सांगायचे, "बाप इथंच पोस्टात छाटणीला होता. जन्मभर लाखो पाकिटं हातातनं गेली. एक उघडलं न्हाई." मला ते पटलं होतं. छान घरंदाज कारण होतं.

एकदा मुलींच्या एका वसतिगृहाचे चिटणीस तणतणत आले. त्यांना कोणीतरी घाणेरड्या शिव्यांची मेल पाठवली होती आणि ती वॉर्डनबाईंच्या नावावरून आली होती. बाईंना त्या दिवशी काढून टाकायचंच ठरलं होतं. बाई खाली चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसून रडत होत्या. चिटणीसांनी मेलचा कागद माणिकरावांपुढे आपटला. माणिकरावांनी आधी डब्याचं झाकण उचललं, ते धुतलं, रुमालाने पुसलं आणि कागदाच्या खालच्या भागावर, मजकुरावर, ठेवलं.

"अहो, वाचा तरी काय लिहिलंय ते!" चिटणीस ओरडले.

"लिवलंय ते तुमच्यासाठी हाय. मला वरचं पुरं."

त्यांनी सर्व्हरवरून त्या मेलचं पूर्ण हेडर काढलं आणि बोट ठेवून खालून वर गेले. मेल बाईंच्या नावाने होती, पण निघाली होती दुसऱ्याच ठिकाणाहून, आणि बाईंनी पाठवली असती तर ती आमच्याच सर्व्हरवरून निघाली असती, पण आमच्या सर्व्हरला तिने बाहेरून येतानाच पहिल्यांदा हात लावला होता. बाईंचा त्यात काडीचा संबंध नव्हता. चिटणीस निघून गेल्यावर मी विचारलं, "खरंच काय लिहिलं होतं याची उत्सुकता नाही वाटली?" त्यांनी झाकण उचलून डब्यावर लावलं. म्हणाले, "वाटली की. म्हणून तर झाकण ठेवलो."

ते एकटे राहायचे, तारनाक्याला. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मूल नव्हतं. जेवायला सगळ्यांबरोबर बसायचे नाहीत. खिडकीपाशी उभं राहून भाजीपोळीची गुंडाळी खायचे. सकाळी आल्या आल्या मात्र एक काम ठरलेलं. काळ्या स्क्रीनवर एक प्रोग्राम चालवायचे. भराभर ओळी यायच्या, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक आडवी रेघ. ते त्या ओळी खालून वर बघत जायचे, वर पोचले की "हं" म्हणायचे आणि चहाला जायचे. शुक्रवारी दुपारी चार वाजता दोन बोटांनी एक मेल टाइप करायचे. मी धरून चालले होते की सकाळची सर्व्हरची तपासणी असेल आणि शुक्रवारचा मालकांना अहवाल. विचारायचं मला सुचलं नाही. माझीही तेव्हा शहरात कोणाशी ओळख नव्हती, आणि एकटं माणूस दुसऱ्या एकट्याला फार विचारत नाही.

सर्व्हरच्या खोलीत खिळ्याला एक काळी छत्री टांगलेली असायची. एकदा पाऊस होता म्हणून मी ती घ्यायला गेले, तर माणिकराव जवळजवळ धावतच आले. "ती नक्को. ती माझी न्हाई." त्यांनी मला स्वतःची दिली आणि स्वतः भिजत बसस्टॉपला गेले.

मग जुने मालक वारले आणि त्यांच्या मुलाने ठरवलं की आता हा सर्व्हर ठेवायचा नाही. सगळी खाती एका मोठ्या कंपनीच्या सेवेवर हलवायची. पण सगळी नाही. ज्या खात्यात वर्षभरात एकही पत्र वाचलं गेलेलं नाही ते मेलेलं. मेलेली खाती न्यायची नाहीत, सर्व्हर बंद होताना ती पुसायची. यादी करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी गुरुवारी प्रोग्राम लिहिला. प्रत्येक खात्यात जायचं, हेडरं मागवायची, तारीख आणि वाचल्याची खूण बघायची. माणिकराव जाता जाता माझ्या खुर्चीमागे थांबले. "पीक लावलंस का?"

"हो, हो," मी म्हणाले. पुणेवालीला काय विचारतायत, असा माझा सूर होता. लावलं नव्हतं. लावायचं आहे हे डोक्यात होतं, आणि डोक्यात असलेलं कोडमध्ये आहे असं मला वाटलं. मी प्रोग्राम चालू केला आणि घरी गेले.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात शिरले, तर माणिकराव कोपऱ्यावरची गरम जिलबी घेऊन उभे होते. माझ्यासाठी, हिशेबनिसासाठी, खालच्या चपलांच्या दुकानदारासाठीसुद्धा. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, डोळे ओले.

"वाचलं गं," ते म्हणाले. "यादगिरीनं वाचलं. सगळी वाचली. पहिल्यापासनं."

"यादगिरी कोण?"

"यादगिरी! आम्ही दोघांनी तर बांधला ना सर्व्हर!"

म्हणजे ते आम्ही खरंच आम्ही होते. एम माणिकचा, वाय यादगिरीचा, आणि म्हणून प्रत्येक प्रोग्राम 'माय'. अकरा वर्षांपूर्वी यादगिरी ऑफिस सोडून गेला, असं त्यांनी सांगितलं. का गेला ते नाही सांगितलं. त्याचं खातं माणिकरावांनी चालू ठेवलं, पहिल्याच वर्षी पोस्टकार्ड टाकून कळवलं की डब्बा चालू है, और पासवर्ड वहीच है. आणि दर शुक्रवारी त्या खात्यावर एक पत्र. अकरा वर्षांची पाचशेच्या वर पत्रं. रोज सकाळी ते त्या खात्यातली फक्त स्वतःची पत्रं बघायचे, पीक लावून, नुसतं खूण झाली का बघायला. वाचलं नसेल तर रेघ. वाचलं असेल तर गोल. अकरा वर्षं नुसत्या रेघा आल्या होत्या, आणि त्या सकाळी स्क्रीन गोलांनी भरली होती.

मी जिलबी हातात घेऊन ऐकत होते. मला खरंच आनंद झाला होता. दहा मिनिटांनी वसतिगृहातून फोन आला. आमच्या सगळ्या नव्या मेल वाचलेल्या कशा दिसतात? तो ठेवला तर कारखान्यातून तोच प्रश्न. तिसरा फोन ठेवला. मी माझा प्रोग्राम उघडला. आज्ञा होती, हेडर होतं, पीक नव्हतं. मी आदल्या संध्याकाळी सगळ्या शहराची पत्रं वाचलेली करून टाकली होती, आणि त्यात यादगिरीची पाचशे.

दुपारी तीनपर्यंत मी त्यांना सांगितलं नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते. गिऱ्हाइकांना मी सांगितलं, मालकांच्या मुलाला सांगितलं, त्याच्या शिव्याही खाल्ल्या. माणिकरावांच्या टेबलासमोरून चार वेळा गेले आणि चारही वेळा काहीतरी काम आठवलं. खरं म्हणजे फोन आल्यावर त्यांना कळायलाच हवं होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यांनी लॉग, म्हणजे सर्व्हरची रोजनिशी, काढून दोन मिनिटांत मला पकडलं असतं. त्या दिवशी त्यांनी लॉगकडे बघितलंच नाही. ते शुक्रवारचं पत्र लिहायला बसले होते, चार वाजायच्या आधीच, आणि स्क्रीन कोरी होती.

मला हाक मारून म्हणाले, "पुणेवाली, ज्यानं सगळं वाचलंय त्याला काय लिवावं गं? आजवर न वाचणाऱ्याला लिवायची सवय हाय."

मग मात्र राहवेना. मी तिथेच उभी राहून सांगून टाकलं. पीक लावलं नव्हतं, यादगिरींनी काही वाचलेलं नाही, ते सगळं माझ्या प्रोग्रामनं केलं.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. मग बाह्या खाली करून त्यांनी एकेक बटण लावलं.

"हौ," ते म्हणाले. "मी बी तेच केलतं."

आणि मग त्यांनी खालून सुरुवात केली, नेहमीसारखी. जुन्या मालकांना संशय आला होता की यादगिरी दुसऱ्या कंपनीशी बोलतोय. त्यांनी माणिकरावांना सांगितलं, त्याचं खातं बघ. माणिकराव नाही म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. एक न वाचलेलं पत्र होतं, ते त्यांनी उघडलं, आतला मजकूर वाचला.

"काय होतं त्यात?"

"ते सांगायचं न्हाई. त्या कंपनीचं काही नव्हतं. त्याच्या घरचं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं त्यानं, मला बी न्हाई."

घाईत पीक लावायचं राहिलं. यादगिरी आला, त्याने मेल उघडली. कालपर्यंत ठळक अक्षरांत असलेलं पत्र साध्या अक्षरांत दिसलं. त्या खात्यात शिरू शकणारी माणसं जगात दोनच होती. त्याने खुर्ची फिरवून माणिकरावांकडे बघितलं आणि एकच शब्द बोलला. "नुव्वा?" म्हणजे तेलुगूत, तू? यादगिरीने डबा उचलला आणि जिना उतरून गेला. छत्री न्यायला तो विसरला.

"अहो पण ते राहतात कुठे?"

"दिलसुखनगर."

मला वाटलं होतं अमेरिका वगैरे सांगतील. दिलसुखनगर म्हणजे तारनाक्याहून एक बस. "मग अकरा वर्षांत एकदा तरी घरी का नाही गेलात? फोन तरी करायचा."

"घरी गेलो तर दार उघडावं लागतंय त्याला. दारात उभ्या माणसाला न्हाई कसं म्हणील? फोन वाजला तर उचलावा लागतो. पत्राचं तसं न्हाई. उघडायचं का नक्को, ते त्याच्या हातात राहतंय. एकदा मी त्याच्या हातातनं काढून घेतलतं."

मी म्हणाले की खुणा पुसते, एका आज्ञेचं काम आहे, सगळी पत्रं परत न वाचलेली होतील. आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. "माणिकराव, थांबा. ह्या खुणा राहिल्या तर खातं जिवंत ठरतंय. नव्या सेवेवर जाईल ते. पुसल्या तर ते मेलेल्यांच्या यादीत जाणार. राहू द्या ना. कोणाला कळणार आहे?"

"नक्को. त्यानं वाचलं न्हाई. वाचलं असं त्याच्या नावावर लिवायचा मला काय हक्क? एकदा लिवलं ते पुरं झालं."

मी वाद घातला. मी म्हणाले खुणा पुसल्या तरी यादीत त्याचं नाव घालत नाही. ते म्हणाले, मग ते तू खोटं लिवणार. मी रडकुंडीला आले होते आणि ते शांत होते, याचा मला राग येत होता. शेवटी त्यांनी खुर्ची ओढली आणि खुणा काढायला सुरुवात केली. एका आज्ञेनं नाही. एकेक पत्र, एकेक विषय, सर्वांत जुन्यापासून वर. मी शेजारी बसले. मजकूर त्यांनीही उघडला नाही, मीही नाही. पण विषयाच्या ओळी समोरून जात होत्या. त्या दोघांची भाषा दखनी होती.

गलती हो गई. तेरी छत्री यहींच है. सर्वर का पंखा बदला. आज बतकम्मा का त्योहार, पूरा रास्ता जाम. तेरी खुर्सी पर कोई नहीं बैठता. तेरा लिखा लूप आज समझा. सुलोचना को दवाखाने में रखे. सुलोचना अच्छी है. सुलोचना गई.

त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं नाही. गोलाची रेघ झाली आणि पुढची ओळ आली. तिचा विषय नुसता 'छत्री'. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. बायको गेल्याचं या माणसाने ज्याला कळवलं होतं, त्याला ते आजही माहीत नव्हतं. पुढे एक पुणेवाली आई है आलं, मालिक गुजर गए आलं. साडेसहा वाजता शेवटची रेघ झाली. पूर्ण स्क्रीनभर रेघा. त्यांनी खालून वर बघितलं आणि "हं" म्हणाले.

सोमवारी मी यादी दिली. तिच्यात यादगिरींचं खातं होतं. मी खोटं लिहिलं नाही, पण ते लिहिताना माणिकरावांचा मला जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नसेल.

त्या आठवड्यात त्यांनी एक गोष्ट केली. 'माय-हेडर्स' शेवटचा चालवला, पीक लावून, आणि जे आलं ते छापलं. पाचशेच्या वर पत्रांची नुसती हेडरं. कोणाकडून, कोणाला, तारीख, विषय. मजकुराचा एक शब्द नाही. जाड पाकीट झालं. मजकूर त्यांनी एका पेनड्राइव्हवर स्वतःपाशी ठेवला आणि पाकिटाच्या शेवटच्या पानाच्या तळाला पेनाने लिहिलं, 'मांगा तो भेजता.' त्या दोन पेनांपैकी एकाला लिहिताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"पोस्टानं पाठवता?" मी विचारलं.

"एवढं जाड पाकीट पेटीत मावलं न्हाई तर पोस्टमन बेल मारील. सही मागील." ते थोडे घुटमळले. "तू स्कूटरवर सोडतीस?"

शनिवारी दुपारी गेलो. मे महिना. दिलसुखनगरच्या मुख्य रस्त्यावर क्लासच्या पोरांची गर्दी, बाजूच्या गल्लीत शिरलं की सगळं चिडीचूप. उन्हाने डांबर मऊ झालं होतं आणि कडुनिंबाचं एक पान हलत नव्हतं. माणिकरावांनी डोक्याला माझं जास्तीचं हेल्मेट घातलं होतं, काखेत पाकीट आणि हातात ती काळी छत्री. छत्री परत करायची, असं मला वाटलं.

त्यांनी मला लांब, वळणावर थांबायला सांगितलं. एकमजली घर, लोखंडी फाटक, फाटकावर पत्रपेटी. मी तिथून बघत होते. ते फाटकासमोर उभे राहिले. आत नाही गेले, बेलकडे हात नाही नेला. दाराबाहेर चपला होत्या, त्या बघितल्या. वाळत घातलेली लुंगी बघितली. मग नावाची पाटी बघितली, आणि मला लांबूनही कळलं की मान खालून वर जाते आहे. आधी घर नंबर, मग गल्ली, मग नाव. पाकीट पेटीत घुसेना. त्यांनी कागद वाकवून, दाबून, अंगठ्याने आत सारले. आणि ते वळले. छत्री हातातच होती.

ते पाठमोरे झाले आणि खिडकीचा पडदा हलला. एका कडेने बोटभर सरकला, तसाच राहिला, आणि माणिकराव वळणापर्यंत येईतो सरकलेलाच होता. मग पडला. दार उघडलं नाही.

"घरीच हाय," ते स्कूटरवर बसत म्हणाले. "पाटी तीच हाय. चप्पल त्याचीच, टाच आतल्या बाजूनं झिजलेली."

"छत्री?"

"ऱ्हाऊ दे. छत्री मागायला तरी यील."

मी स्कूटर सुरू केली. पडद्याचं सांगावं की नाही हे मला तारनाका येईपर्यंत ठरवता आलं नाही. त्यांच्याच हिशेबाने बघितलं तर डोकावणाऱ्याने खूण ठेवलेली नव्हती, आणि त्याच्या वतीने ती ठेवणारी मी कोण? मागे बसलेला माणूस वजनाला इतका हलका होता की मध्येच उतरला असता तर मला कळलं नसतं. मला त्या वेळी पुण्यातले ते सगळे लोक आठवले ज्यांच्यापासून मी एक बस लांब राहत होते आणि ज्यांच्याकडे जात नव्हते.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी ते उतरले. "बरं," म्हणाले आणि हेल्मेट डोक्यात ठेवूनच चालायला लागले. मी हाक मारली. ते परत आले, पट्टा त्यांना सुटेना, मी सोडवला. हेल्मेट माझ्या हातात देऊन ते तसेच उभे राहिले.

"मी पाठ केली तवा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय दिसलं का गं तुला?"

एकदा मी त्यांच्यापासून सकाळी दहा ते दुपारी तीन लपवलं होतं. परत नाही जमलं.

"पडदा हलला," मी म्हणाले. "तुम्ही वळणावर येईपर्यंत उघडा होता."

त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"वारा असंल," ते म्हणाले.

सर्व्हर त्या महिन्याअखेर बंद झाला आणि त्याच्याबरोबर माणिकरावही घरी गेले. मी गच्चीबावलीला आले. दोन-तीनदा फोन केला, "बरं हाय" एवढंच म्हणायचे. यादगिरी आला का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तारनाक्याला मला जायला हवं, हे मी लिहून ठेवते.

मला ते आठवतात ते त्याच दुपारचे, तारनाक्याच्या त्या गल्लीतले. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. डोक्यावर केस नाहीत, टोपी नाही, ऊन असं की मी स्कूटरच्या आरशालाही हात लावू शकत नव्हते. ते भिंतीच्या कडेकडेने सावकाश चालत गेले, घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, आणि ती छत्री त्यांनी काखेत धरली होती, मिटलेली.